एक नाव, गावे अनेक

महाराष्ट्राच्या नकाशात आष्टी हे नाव एकाच ठिकाणी आढळत नाही. सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यात आष्टी हे गाव आहे. बीड आणि वर्धा या जिल्ह्यांत आष्टी ही तालुक्याची ठिकाणे आहेत. नाव एक असले, तरी या तिन्ही गावांचा इतिहास सर्वस्वी भिन्न आहे.

मोहोळ तालुक्यातील आष्टीच्या परिसरात फेब्रुवारी १८१८ मध्ये पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांना इंग्रजांशी लढताना वीरमरण आले. याच लढाईत साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. वर्धा जिल्ह्यातील आष्टी अजरामर झाली ती १६ ऑगस्ट १९४२ रोजी. ‘चले जाव’ आंदोलनात त्या दिवशी लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला आणि अनेकांनी हौतात्म्य पत्करले. बीड जिल्ह्यातील आष्टी मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती.

अशा स्थितीत एखाद्या स्मरणिकेत केवळ ‘आष्टीचा इतिहास’ असे लिहिले गेले, तर एका गावाचे हुतात्मे दुसऱ्या गावाच्या नावावर नोंदले जाण्याचा संभव असतो. अभ्यासकाची वाटही चुकते. पेशवेकालीन मोडी कागदांसाठी पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वळावे लागते. बीडच्या संस्थानकालीन दप्तरासाठी उर्दू जाणणाऱ्याचे साहाय्य घ्यावे लागते.

नावांची ही पुनरावृत्ती स्वाभाविक आहे. वसाहत करणाऱ्यांनी भोवतालच्या खुणांवरून गावांना नावे दिली. वडावरून वडगाव आणि पिंपळावरून पिंपळगाव अशी नावे ठिकठिकाणी रूढ झाली. व्यवहारात घोटाळा होऊ नये म्हणून लोकांनीच त्यांना जोडशब्द दिले. वडगाव मावळ येथे जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना मराठ्यांशी तह करणे भाग पडले. कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव हे गाव निराळे. ‘पेठ’ हा शब्द तेथील बाजाराची साक्ष देतो, तर ‘मावळ’ हा शब्द प्रदेश सांगतो.

‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे शब्द फारसीतून आले. मूळ शब्द ‘बुजुर्ग’, म्हणजे थोरला. ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. एका नावाच्या दोन शेजारी वस्त्यांतील मोठी ती बुद्रुक आणि लहान ती खुर्द. आज एखाद्या खुर्दची लोकसंख्या बुद्रुकहून अधिक झालेली असली, तरी जुने नाते त्या शब्दाने जपलेले असते. म्हणून लेखनाच्या सोयीसाठी हा शब्द गाळणे म्हणजे गावाच्या इतिहासातील एक पान फाडणे होय.

गावाचा इतिहास लिहिण्यास प्रवृत्त होणाऱ्या शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आरंभी गावाचे पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि पूर्वीची राजवट यांची नोंद करावी. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक देण्यात आला आहे. तोही सोबत लिहावा. जुन्या कागदात आपल्या गावाचे नाव दिसताच हर्ष होणे साहजिक आहे. परंतु शेजारच्या गावांची व नदीची नावे जुळेपर्यंत तो उल्लेख आपला मानू नये. शेजाऱ्याचा वारसा शेजाऱ्याकडे राहू दिला, तरच आपल्या गावाचा खरा वारसा पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.