उसांतील बिबट्याचें छायाचित्र

रानांतील वाघ-बिबट्यांचीं छायाचित्रें म्हटलीं कीं घनदाट अरण्य, मचाण आणि रात्रभर जागलेला साहसी गृहस्थ वाचकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. संयुक्त प्रांतांतील जंगल-अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वाघाच्या वाटेवर तार बांधून, तीस पाऊल लागतांच त्याचें चित्र निघेल अशी योजना केली होती. जुन्नर तालुक्यांतील येडगांवास मात्र अरण्य नाहीं. आहे तें कुकडीवरील धरण, कालवे, आणि त्या पाण्यावर पुरुषाहून उंच वाढलेला ऊस. बिबट्यास लपावयास तो पुरतो. खावयास कुत्रीं-शेरडें आहेतच.

येथें दोन हातांपलीकडचें दिसत नाहीं. म्हणून बांधावर गुडघ्याएवढ्या उंचीवर स्वयंचलित कॅमेरा बांधतात. समोरून ऊबदार शरीर हललें कीं तो चालतो. पण त्यास बिबट्या आणि रात्रीं दारें धरावयास निघालेला शेतकरी सारखेच! उन्हानें तापलेलें पान वाऱ्यानें हललें तरी तो फसतो. हिवाळ्यांत कांचेवर दंव बसतें. शिवाय वाटेच्या दोन्ही अंगांस कॅमेरे हवेत. कारण प्रत्येक बिबट्याचे ठिपके निराळे, आणि त्याची डावी कूसही उजवीसारखी नसते.

ही सारी यातायात हौसेची नव्हे. शेजारच्या अकोले तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा चित्रांवरून गणना केली. भरवस्तीच्या शेतांत १०० चौरस किलोमीटरांस सुमारें ५ प्रौढ बिबटे, असा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. उलट, जुन्नर भागांत २००१ पासून बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा चालला, तेव्हां वर्षास सरासरी ४ असलेले माणसांवरील हल्ले १७ वर गेले. या भागांत माणसें दगावलीं आहेत, लेंकरें गेलीं आहेत. तें विसरून बिबट्याचें नुसतें कौतुक करणें आम्हांस शोभणार नाहीं.

खरी कसोटी ऊसतोडीच्या दिवसांत लागते. कोयता चालतां चालतां सरींत पिल्लें सांपडतात. शेताच्या कडेला तोडणी करणाऱ्या बायांचीं स्वतःचीं मुलें निजलेलीं असतात, आणि पिल्लें हरवलेली मादी त्याच रात्रीं तेथें फिरणार! माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे पशुवैद्य व वनखात्याचे लोक पिल्लांस तपासून संध्याकाळीं त्याच जागीं ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि दूर होतात. मोबाइल उंचावून जमलेला घोळका हटविणें हेंच पुष्कळदां सर्वांत कठीण काम असतें. घरच्या पुरुषमंडळींनीं एवढें मनावर घ्यावें.

मादी येते ती बहुधा अंधार दाटल्यावर. तिला दिपवूं नये म्हणून अदृश्य किरणांचाच उजेड वापरतात. चित्र करड्या रंगाचें, धूसर, अर्धें चौकटीबाहेर गेलेलें निघतें. पण मानेशीं अलगद धरलेलें पिल्लूं त्यांत ओळखूं येतें. सकाळीं वनखात्याचा माणूस येऊन जागा रिकामी असल्याचें पाहतो, आणि टोळी राहिलेल्या सरींत उतरते.