आकडा वाचायचा तर पंचांग जवळ हवं

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. १९७७ पासून तो जगभर साजरा होतो. व्याख्यानं होतात, कुठं प्रवेश फुकट असतो, कुठं रात्री उशिरापर्यंत दालनं उघडी राहतात. ही तारीख ज्यांनी ठरवली त्यांनी अकोल्याचा मे पाहिला नसावा. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढं गेला आणि उष्णतेच्या लाटेपायी अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावण्याची वेळ प्रशासनावर आली. ज्या दुपारी घरातलं कुणी कूलरसमोरून हलत नाही, त्या दुपारी मूर्ती आणि ताम्रपट पाहायला कोण निघणार? तरीही वर्षाच्या शेवटी कुणीतरी तक्ता मांडतो, मे आणि डिसेंबरचे आकडे शेजारी ठेवतो आणि 'वऱ्हाडी माणसाला इतिहासाचं वावडं आहे' असं म्हणून मोकळा होतो.

संग्रहालयाच्या दरमहा आकड्यात लोकांची आवड असतेच, पण ऊन, शाळेचं वेळापत्रक, सण आणि साप्ताहिक सुट्टीही त्यात मिसळलेली असते. हे सगळं वेगळं काढल्यावर जे उरतं त्यावर बोलावं. बहुतेक वेळा ते फार थोडं उरतं.

वऱ्हाडात आणखी एक गुंता आहे. इथल्या मातीत सापडलेल्या किती तरी वस्तू इथं नाहीतच. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. राजधानी नागपूर, आणि तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे सगळ्यांचा 'अजब बंगला', १८६३ पासून उभा. मग मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला जैन धातुमूर्तींचा साठा सापडला, तो गेला नागपूरला. साहजिकच अमरावतीची शाळा दोन बसगाड्या करून अजब बंगल्यात जाते तेव्हा ती मुलं नागपूरच्या खात्यात जमा होतात. अमरावती, अकोला आणि नागपूर यांच्या गर्दीची तुलना करायची तर प्रेक्षक कुठल्या गावचा, हा रकाना आधी हवा. नुसत्या बेरजेत नागपूर पुढं राहणारच, आणि त्यात वऱ्हाडाचा वाटा किती ते कुणाला दिसणार नाही.

आता साधं गणित. सोमवारी बंद असणारं एखादं संग्रहालय घ्या. जानेवारी २०२५ मध्ये ते २७ दिवस उघडं होतं, फेब्रुवारीत २४ दिवस. समजा रोज बरोबर तीनशे माणसं आली. जानेवारीचा आकडा ८,१०० आणि फेब्रुवारीचा ७,२०० होतो. गर्दी अकरा टक्क्यांनी घटली अशी बातमी होईल, आणि प्रत्यक्षात रोजच्या गर्दीत एका माणसाचाही फरक पडलेला नसेल. वऱ्हाडातल्या सहली ज्या लेण्यांकडं हमखास जातात, तिथलंही तेच. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सप्टेंबर २०२४ मध्ये पाच सोमवार आले आणि मंगळवार चारच. म्हणजे लेण्यांचं महत्त्व, रस्ता, हॉटेलं वगैरे चर्चेला हात घालण्यापूर्वीच अजिंठा एका दिवसानं मागं. म्हणून महिन्याची बेरीज सांगण्यापेक्षा उघड्या दिवसामागची सरासरी सांगावी. भागाकार एवढाच आहे, पण तो करण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही.

सणांचं काय करायचं, हा अधिक अवघड प्रश्न. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. दिवाळीची सुट्टी त्याबरोबर सरकली. अशा वेळी यंदाचा नोव्हेंबर गेल्या नोव्हेंबरशी ताडून पाहणं म्हणजे सुट्टीचा महिना कामाच्या महिन्याशी लढवणं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, त्यांत अमरावती-अकोल्याचे पुष्कळ. त्या दोन-तीन दिवसांत नागपुरातल्या कुठल्याही प्रेक्षणीय जागेची आकडेवारी नेहमीची राहत नाही. आणि २०२५ मध्ये दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला. गांधी जयंतीची हक्काची सुट्टी त्यात विरून गेली. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडं निघतात तेव्हा शहर रस्त्यावर असतं. त्या दिवशी संग्रहालयं बहुधा बंदच असतात, हा योगायोग त्यातल्या त्यात बरा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र धरले की या सरकासरकीचा त्रास पुष्कळ कमी होतो.

शाळांचं वेळापत्रकही राज्यभर एक नाही. २०२४ मध्ये उर्वरित महाराष्ट्रातल्या शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भातल्या १ जुलैला. पुण्याचा जून आणि अमरावतीचा जून हे दोन वेगळे महिने आहेत. सहलींचा खरा हंगाम दिवाळीनंतरचा, थंडीचा. शैक्षणिक सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, त्यामुळं खेड्यातल्या शाळाही निघतात. एका गाडीत चाळीस-पन्नास मुलं. लहान संग्रहालयात सकाळी दोन गाड्या थांबल्या तर आठवड्याची गर्दी तासाभरात होते. ही मुलं शिक्षकांच्या शिट्टीवर आत जातात आणि शिट्टीवरच बाहेर येतात. स्वतःच्या इच्छेनं आलेल्या माणसांबरोबर त्यांना एकाच बेरजेत कोंबणं त्यांच्यावर आणि आकड्यावरही अन्याय आहे.

मोजतात कसं, हेही विचारायला हवं. तिकिटावरून मोजलं तर फुकट येणारे सुटतात. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. विकलेली तिकिटं मोजणारा या मुलांना मोजतच नाही. प्रवेश फुकट झाला की गर्दीही बदलते. ब्रिटननं डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयांचा प्रवेश सरसकट मोफत केला. जिथं आधी तिकीट होतं तिथली गर्दी दहा वर्षांत वर्षाला ७२ लाखांवरून सुमारे १ कोटी ८० लाखांवर गेली. तिथलं सरकार या संग्रहालयांचे महिनावार आकडे जाहीर करतं, कुणीही ते पाहावे. तुलनेसाठी निवडलेलं वर्षही दगा देतं. पॅरिसच्या लूव्रमध्ये २०१९ साली ९६ लाख लोक आले, २०२० च्या साथीत २७ लाख. २०२२ मध्ये जवळपास ७८ लाख झाले तेव्हा आदल्या वर्षाच्या पावणेतीन पट गर्दी म्हणून कौतुक झालं. २०१९ पेक्षा तो आकडा बराच कमी होता.

वऱ्हाडी माणूस प्रदर्शन पाहायला जात नाही, हे म्हणणं तर अकोल्यातच खोटं ठरतं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वाणांचे प्लॉट पाहत हिंडतात, बियाण्याची चौकशी करतात, मोबाइलवर फोटो काढून घेतात. डिसेंबरच्या शेवटी पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास 'ॲग्रोटेक' भरतं तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. हा वारसा खुद्द पंजाबरावांचा. केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी भारत कृषक समाजामार्फत दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. डिसेंबर १९५९ मध्ये अमेरिकेच्या दालनासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर तिथं आले होते. शिवार फेरी किंवा ॲग्रोटेकसारख्या तीन दिवसांच्या प्रदर्शनाची वर्षभर उघड्या असणाऱ्या संग्रहालयाशी थेट तुलना होत नाही, हे खरं. पण या प्रदर्शनांची वेळ पाहा: पावसाळ्याचा शेवट किंवा हिवाळा, शेतकऱ्याला सवड असेल तेव्हा, आणि त्याच्या कामाची गोष्ट समोर. मेमध्ये कुणी ॲग्रोटेक भरवत नाही.

संग्रहालय दिनाचे कार्यक्रम नागपूर-वऱ्हाडात नोव्हेंबरातल्या जागतिक वारसा सप्ताहाकडं, १९ ते २५ तारखेकडं, सरकवले तर कुणी अडवणार नाही. हवा थंड असते आणि सहली नुकत्याच निघू लागलेल्या असतात. त्याआधी दारातल्या नोंदवहीत पाच रकाने आखून घ्यावेत: तारीख, गाव, शाळेची सहल की स्वतंत्र, तिकीट की मोफत, आणि दालन किती तास उघडं होतं. दूरच्या धारणीहून आलेली गाडी आणि अमरावतीच्याच राजापेठेतून चालत आलेलं कुटुंब त्यात वेगवेगळं दिसेल, आणि मेमध्ये सकाळी आठला दार उघडून दुपारी बंद ठेवलं तर माणसं वाढतात का, हेही दोन उन्हाळ्यांत कळेल.