मित्राच्या घरचे पान

दिवाळी हा आपल्याकडे नात्यांचा सण मानला जातो. पाडवा पती-पत्नींचा, भाऊबीज बहीण-भावांची, दिवाळसण जावयाचा आणि लक्ष्मीपूजन व्यापाऱ्याच्या वहीखात्यांचे. वसुबारसेला तर गाय-वासरांचीही आठवण ठेवली जाते. या सगळ्या मांडणीत मित्राला मात्र कुठलीच तिथी नाही. असे असूनही सणाच्या फराळाची खरी रंगत कोणामुळे येते, असे विचारले तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चार मित्रांची बैठक उभी राहते. पंचांगाने ज्याला जागा दिली नाही, त्याला लोकव्यवहाराने ती मिळवून दिली. ती सहजासहजी मिळाली नाही, आणि आजही ती पुरती पक्की झाली आहे असे म्हणता येत नाही.

मित्रांच्या भोजनाचे एक अतिशय रम्य चित्र आपल्या परंपरेत आहे, ते गोपाळकाल्याचे. गाई चारायला गेलेली मुले आपापल्या घरून आणलेल्या शिदोऱ्या सोडतात, सगळ्यांचे अन्न एकत्र कालवले जाते आणि कृष्ण त्या घोळक्यात बसून जेवतो. कोणाच्या शिदोरीत दही, कोणाच्या पोहे, कोणाच्या नुसतीच लोणच्याची फोड. एकदा कालवल्यावर कोणाचे काय होते हे ओळखू येत नाही. वारकरी संप्रदायाने हा काला आपल्या उपासनेचाच भाग केला. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात तो होतो आणि वारकरी एकमेकांच्या मुखात काल्याचा घास घालतात. देवाने सवंगड्यांबरोबर जेवावे, ही कल्पना ज्या समाजाला एवढी गोड वाटली, त्याच समाजाने माणसांच्या जेवणावर मात्र रोटीबंदीचे कडेकोट पहारे बसवले होते. वाळवंटातला काला गावी परतल्यावर चुलीपर्यंत पोहोचत नसे.

या पहाऱ्यांचे नियम बारकाईने पाहिले तर दिवाळीच्या फराळाविषयीही एक मनोरंजक गोष्ट ध्यानात येते. ‘फराळ’ हा शब्द मूळ ‘फलाहार’ या शब्दापासून आलेला. सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात पाण्यात शिजवलेला भात आणि तुपा-तेलात तळलेला कोरडा पदार्थ यांची प्रतवारी सारखी नव्हती. भाताचे खरकटे होई. तळणीच्या पदार्थांना त्या मानाने सवलत असे. चकली, करंजी, शंकरपाळे, अनारसे यांनी भरलेले ताट रुमालाखाली झाकून शेजारी जाऊ शके, पण वरण-भाताचे पान त्याच शेजाऱ्यासाठी आपल्या पंक्तीत मांडले जाईलच असे नव्हते. फराळाच्या ताटाने उंबरठा ओलांडला म्हणून माणसानेही तो ओलांडला, असे समजण्याचे कारण नाही.

माणसाने तो ओलांडावा यासाठी महाराष्ट्रात केवढी झुंज झाली याची आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित कल्पनाही येणार नाही. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या सभासदांना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन जातिबंधन मोडावे लागे; पण हे सारे गुप्तपणे चाले, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटताच सभेचा कारभार आटोपला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यात रानडे होते आणि टिळकही होते. ही नावे वृत्तपत्रात छापून आली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, ते मित्रांची घरगुती कुचंबणा दूर व्हावी म्हणून. एका पेल्याभर चहाने एवढ्या विद्वानांना धर्मपीठापर्यंत खेचावे, यावरून अन्नाभोवतीची ती तटबंदी किती भक्कम होती हे दिसते.

त्यानंतरचे प्रयत्न उघड होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला. बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजने झाली आणि १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांना खुले झाले. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ मध्येच मिश्रभोजन घडवून स्वजातीयांचा बहिष्कार ओढवून घेतला होता. मात्र या साऱ्या वाटचालीला सर्वांत परखड प्रश्न विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात, १९३६ मध्ये, त्यांनी स्पष्ट सांगितले की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे.

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. जाहीर सहभोजन हा एका दिवसाचा समारंभ असतो. पत्रावळी उचलल्या गेल्या की माणसे आपापल्या घरी जातात, आणि घरे होती तशीच राहतात. मित्राच्या घरचे सणाचे जेवण या बाबतीत निराळे ठरते. तेथे व्यासपीठ नसते, ठराव नसतो. तेथे मित्राची आई असते, ती आग्रहाने वाढते, आणि पुढल्या वर्षी आपण गेलो नाही तर का आला नाहीत म्हणून विचारते. अशा घरात मुले एकमेकांच्या स्वयंपाकघरात वावरत मोठी होतात. बाबासाहेबांना अपेक्षित असलेला बदल पंगतीने होत नाही हे खरेच. परंतु ज्या घरांनी एकमेकांचे पाणीही कधी चाखले नाही, त्या घरांत सोयरिकीची गोष्ट निघणार तरी कशी?

कायद्याचीही येथे एक मर्यादा आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली केली आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ मध्ये त्यासाठी शिक्षेची तरतूद करणारा कायदाही आला. पण कोणाला जेवायला बोलवावे आणि कोणाकडे जेवायला जावे, हे कोणताही कायदा सांगू शकत नाही. कायदा उपाहारगृहाच्या दारापर्यंत येतो; तेथून घराच्या माजघरापर्यंतचे अंतर माणसांनीच चालायचे असते. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलातील संगमरवरी टेबलांनी, वसतिगृहाच्या भोजनगृहांनी, कचेरीतल्या आणि शिक्षकांच्या खोलीतल्या एकत्र उघडलेल्या डब्यांनी त्या वाटेचा बराच भाग सोपा केला. उरलेला भाग सणाच्या दिवशी पार करायचा असतो, कारण सणाच्या दिवशी माणूस आपल्या घरातले सर्वांत जवळचे असे काही पानात वाढत असतो.

आणि येथेच एका सूक्ष्म फरकाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मित्रांना आपल्या घरी फराळाला बोलावणारे पुष्कळ असतात. कचेरीत डबा भरून चिवडा-लाडू नेणारेही असतात. यात आनंद आहे, परंतु यजमान होणे तुलनेने सोपे असते. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. आपल्या जुन्या व्यवस्थेतही वरून खाली अन्न द्यायला कधी बंदी नव्हती. बंदी होती ती खालच्या मानलेल्याच्या हातून घेण्याला. म्हणूनच समतेची कसोटी वाढण्यात नसून पुढे आलेले पान स्वीकारण्यात आहे. ज्या मित्राला आपण दरवर्षी चकल्या देतो, त्याच्याकडे रमजान ईदला शिरखुर्मा प्यायला आपण गेलो आहोत काय? वैशाखी पौर्णिमेला बौद्ध मित्राच्या घरची खीर आपण त्याच्या घरात बसून खाल्ली आहे काय? नाताळात वसईच्या किंवा गोव्याच्या स्नेह्याकडे जेवणाच्या वेळेपर्यंत थांबलो आहोत, की केकचा तुकडा कागदात बांधून घेऊन निघालो आहोत?

यावर कोणी म्हणेल, आम्ही मांसाहार करीत नाही, त्याचे काय? ती अडचण मानण्याचे कारण नाही. आवड, व्रत वा पथ्य एक आणि विटाळ दुसरा. जो सामिष खात नाही त्याने खाऊ नये. त्याच चुलीवरची भाकरी आणि वरण तो आनंदाने खाऊ शकतो, आणि कोणताही सुज्ञ मित्र पाहुण्याची आवड सांभाळतो. पथ्याच्या पडद्याआड विटाळ लपला आहे की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात काय शिजते हे पाहून त्याला घर नाकारण्याचे प्रकार आजही मुंबईसारख्या शहरात घडत असल्याची वृत्ते येत असतात. म्हणजे जुनी रोटीबंदी संपली असे समजावे, तो ती निवासी संकुलाच्या फाटकावर नव्या गणवेशात उभी असलेली दिसते.

अलीकडे फराळ तयार मिळतो. सुबक डब्यांतून तो घरोघर, एवढेच काय, परदेशी गेलेल्या मुलांपर्यंतही पोहोचतो. दिवसभर नोकरी करणाऱ्या गृहिणीचे कष्ट त्यामुळे वाचत असतील तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. करंजी कोणी लाटली याला महत्त्व नाही. पण डबा पाठवला की भेट झाली, हा समज घातक आहे. डब्याला उंबरठा नसतो. तो कोणाच्या घरात बसून गप्पा मारीत नाही, त्या घरच्या आजीच्या पाया पडत नाही, आणि आणखी एक वाढू का, हा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही.

सणाच्या सुट्ट्यांचे बेत आखताना शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी एक साधी गोष्ट करावी. ज्या मित्राकडून आपल्याकडे येणे झाले पण ज्याच्याकडे आपले जेवणाला जाणे कधी झाले नाही, अशा मित्राचे नाव आठवावे. त्याच्या सणाची तिथी किंवा तारीख विचारून घ्यावी, आणि त्या दिवशी मुलाबाळांसह, रिकाम्या पोटी त्याच्या दारी जावे.