किलोवॅट, युनिट आणि परतफेड

गच्चीवर सौर पॅनेल बसवून देणारे विक्रेते अलीकडे इंदुरातील घरोघरी येऊ लागले आहेत. आपल्या अनेक सभासद-कुटुंबांची साठविलेली पुंजी या कामी लागणार. म्हणून त्या व्यवहारातील मुख्य शब्दांचा अर्थ येथे देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

किलोवॅट म्हणजे यंत्राची ताकद. युनिट म्हणजे त्या ताकदीने झालेले काम. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट वीज खर्च होते. पॅनेल किलोवॅटवर विकतात, बचत मात्र युनिटांत होते. या दोहोंची गल्लत झाली की हिशेब फसलाच.

एक किलोवॅटचे पॅनेल अहोरात्र पूर्ण ताकदीने चालते, तर रोज 24 युनिट वीज मिळती. पण रात्र आहे, ढग आहेत, तिरपे ऊन आहे. माळव्यात वर्षाची सरासरी रोज सुमारे 4 युनिट पडते. या सहाव्या हिश्शास क्षमता-वापर म्हणतात. नेट मीटर असले की दिवसाची शिल्लक वीज तारांत जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते.

आता परतफेडीचा काळ. समजा, 3 किलोवॅटला 1,80,000 रुपये पडले. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत राहत्या घरास त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे. उरले 1,02,000. वर्षाला 4,380 युनिट, युनिटमागे 6 रुपये वाचले, तर 26,280 रुपये; म्हणजे सुमारे चार वर्षे. संस्थेच्या इमारतीने मात्र हे अनुदान हिशेबात धरू नये. शिवाय पॅनेल 25 वर्षे चालले, तरी इन्व्हर्टर मध्येच बदलावा लागतो.

दरही सबंध मुदतीचा पाहावा. त्यास समतल दर म्हणतात. रीवा येथील 750 मेगावॅट प्रकल्पाचा 2017 च्या लिलावातील पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे होता. पुढील वाढ धरून 25 वर्षांचा समतल दर सुमारे 3 रुपये 30 पैसे झाला.

तेव्हा सही करण्यापूर्वी विक्रेत्यास एकच विचारावे : वर्षाला किती युनिट मिळतील? उत्तर लेखी घ्यावे. सूर्य फुकट आहे, पॅनेल नव्हे.