शीतगृहातले बी, धुऱ्यावरचे बी

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या रंगाच्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, त्यांचे बी दरवर्षी निराळे पेरले, आणि त्यातून बारीक दाण्याचे एचएमटी हे वाण आले. ही हकीकत विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र बहुधा सुटतो. त्या बांधीत लावलेले पटेल-३ हे जबलपूरच्या संशोधनातून आलेले सुधारित वाण होते. म्हणजे संशोधन केंद्राकडून बी शेतात आले, शेतात एका जाणत्या नजरेने त्यातले वेगळेपण हेरले, आणि पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केले. पिकांचे वैविध्य जपायचे असेल तर ही ये-जा दोन्ही बाजूंनी चालू राहायला हवी. आज शेतातून बी साठवणाऱ्या शीतगृहाकडे जाणारा रस्ता रुंद आहे, परतीचा फार अरुंद.

शीतगृह कशाला हवे, हे चवळीवरून, म्हणजे इकडच्या बरबटीवरून नीट कळते. बरबटी मूळची आफ्रिकेची; भारतात ती हजारो वर्षांपूर्वी आली आणि इथलीच झाली. साठवणीत भुंगेरा हा तिचा मोठा शत्रू: दाण्यावर अंडी घालतो, अळी आतून दाणा पोखरते. नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेकडे चवळीचे १५ हजारांहून अधिक नमुने आहेत. तिथे हजारो नमुने तपासल्यावर टीव्हीयू-२०२७ या एका नमुन्यात भुंगेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देण्याची ताकद सापडली. तो नमुना कुणी जमवून ठेवलाच नसता तर पैदासकारांना हाताशी काय उरले असते? पण हकीकत इथे संपत नाही. त्या प्रतिकाराला दाद न देणारे भुंगेरेही पुढे आढळले. कीड बदलत राहते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंशांवर ठेवलेले बी मात्र जसेच्या तसे राहते. तीच त्याची किंमत आणि तीच त्याची मर्यादा. बदलत्या पावसाशी आणि नव्या किडीशी बियाण्याची गाठ पडते ती पेरल्यावर, आणि निवड होते ती पुढच्या हंगामासाठी कोणत्या शेंगा राखायच्या हे घरातली बाई ठरवते तेव्हा.

जुने वाण शेतातही पेरत राहावे, यावर पहिला आक्षेप रास्त आहे. जुन्या वाणांचे उत्पन्न कमी असते. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने जगाच्या भल्यासाठी तोटा का सोसावा? त्याने तो सोसू नये, असेच माझे मत आहे. पण गडचिरोली-चंद्रपूरच्या धानपट्ट्यात बरबटी, तूर, पोपट यांना मुख्य बांधीची जागा मागावी लागत नाही. धुरा आणि घरामागची वाडी त्यांना पुरते. शिवाय बरबटीचे बहुतांश परागीभवन स्वतःच्याच फुलात होते, त्यामुळे चार प्रकार जवळजवळ पेरले तरी त्यांची फारशी सरमिसळ होत नाही, आणि बी दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. जपणुकीचा खर्च इतका कमी असलेली पिके थोडी. बरबटीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, तो लाभ वेगळाच.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. एचएमटीसारखे चांगले वाण पसरते तेव्हा आधीच्या वाणांची जागा तेच घेते. मग शेतकऱ्याची निवड वैविध्य वाढवते की घटवते? दोन्ही घडते, हे मान्य करावे लागते. म्हणूनच पेढी आणि शेत यांत एकाची निवड करता येत नाही. शेतकऱ्याने सोडून दिलेले वाण पेढीत टिकले पाहिजे, आणि त्याला किंवा त्याच्या मुलीला ते पुन्हा हवे झाले तर मूठभर तरी सहज मिळाले पाहिजे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे लेबल न लावता विकण्याचाही हक्क दिला. शेतकऱ्यांच्या वाणांच्या नोंदणीची सोयही केली. पेढीतले बी गावात परत आणण्याची व्यवस्था मात्र केवळ हक्क लिहून दिल्याने उभी राहत नाही. खोब्रागडे यांनी ती निवड केली तेव्हा तर हा कायदाही नव्हता.

महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजुरी दिली, आणि स्थानिक पीकवाण हा त्यातला एक विषय आहे. तो नुसता साठा करून थांबला तर अर्धेच काम होईल. दिल्लीची जनुकपेढी चालवणाऱ्या राष्ट्रीय ब्यूरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यात आहे, भात संशोधनाचे केंद्र सिंदेवाहीत. या दोघांनी मिळून धानपट्ट्यातल्या बरबटीचे जुने प्रकार दरवर्षी छोट्या वाफ्यांत पेरावेत आणि शेंगा भरताना आसपासच्या गावांतील शेतकरी बायांना बोलावून निवड त्यांच्याकडे सोपवावी. वड्यांना कोणती चांगली, कोणती लवकर शिजते, कोणती राखेत घालून मडक्यात ठेवल्यावर पावसाळाभर टिकते, हे त्या सांगतील, आणि तेही वाणाच्या नोंदीत उतरले पाहिजे. निवडलेले बी त्याच हंगामात त्यांच्या हाती द्यावे, ज्या गावातून ते मुळात आले त्याचे नाव पाकिटावर लिहून.