पिवळ्या ढेपेचा भाव
माल आणि गिऱ्हाईक : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण मोजता येणाऱ्या गुणांबद्दल बोललो. वजन, जाडी, ताण सोसण्याची ताकद यांना पट्टी लावता येते, त्यामुळे कारखानदार आणि ग्राहक यांच्यातला वाद मिटवायची सोय असते. पण पुष्कळ मालाचा खरा गुण डोळ्यांना दिसत नाही. मग गिऱ्हाईक जे दिसतं त्यावरूनच गुण ताडतं आणि दामही त्याचाच मोजतं. अशा वेळी उत्पादकाने काय करावं? यासाठी कोल्हापूरच्या गुळाइतकं बोलकं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथे रुजला. आजही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर बाजार समितीत नव्या गुळाचे सौदे निघतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरातमध्ये आहे आणि त्याला गूळ हवा पिवळाधमक, कडक आणि रवाळ. त्यामुळे सौद्यात ढेपांची थप्पी लागली की व्यापाऱ्याची नजर आधी रंगावर जाते. कोपरा फोडून कणी पाहणं आणि चव घेणं त्यानंतर. एकाच दिवशी, एकाच ओळीत मांडलेल्या दोन मालांच्या दरात फरक पडतो तो बहुतेक वेळा रंगापायी.

हा रंग मुळात फसवा होता असं मात्र नाही. गुऱ्हाळात डोकावलं की ते कळतं. एक टन उसापासून साधारण १०० ते १२० किलो गूळ निघतो आणि वाटेत तो काळवंडण्याचे धोके जागोजागी असतात. ऊस कोवळा असला, नत्राचा मारा झालेला असला, खारवट जमिनीतला असला किंवा तोडून दोन दिवस पडून राहिला, तर रस तिथेच बिघडतो. रस आंबट असतो, म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतात. ती कमी पडली तर ढेप बसत नाही, जास्त झाली तर रंग गडद होतो. रस तापू लागला की ठेचलेल्या भेंडीच्या खोडांचं चिकट पाणी त्यात सोडतात. ते गाळ धरून वर आणतं, आणि ही मळी उकळी फुटण्याआधी झाऱ्याने काढावी लागते. उकळी फुटली की मळी रसात मिसळते आणि मग ती निघत नाही.

शेवटचा डाव गुळव्याच्या हातात. पाक ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास आला की काहील उतरवायची. पुष्कळ गुऱ्हाळांत त्यासाठी तापमापक लागत नाही. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि भांड्याच्या कडेवर आपटतो. टणकन आवाज आला की चुलवाणावरच्या माणसाला हाक जाते. क्षणभर उशीर झाला तर पाक करपतो. थोडक्यात, ऊस चांगला, हात स्वच्छ आणि गुळव्या जाणता असेल तरच ढेप पिवळी उतरायची. गिऱ्हाइकाने रंगाला दाम मोजला तेव्हा त्याने खरं तर या साऱ्या मेहनतीला दाम मोजला होता.

पुढे हायड्रॉस आलं. सोडियम हायड्रोसल्फाइट हे कापड रंगवण्याच्या धंद्यातलं रसायन. काहिलीत त्याची पूड पडली की रसातल्या रंगद्रव्यांचा रंग उडतो आणि बिघडलेल्या रसाचाही गूळ पिवळा दिसतो. भेंडी कुटायला नको, मळीसाठी ताटकळायला नको, पक्व उसाची वाट पाहायला नको. पण हा रंग टिकाऊ नसतो. हवा आणि ओल लागली की उडालेला रंग परत येऊ लागतो आणि साठवणीत गूळ काळवंडतो. त्यात गंधकाचा अंश उरतो तो वेगळाच. अन्न मानकांनुसार गुळात सल्फर डायऑक्साइड दहा लाख भागांत ७० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. दमेकऱ्यांना हा अंश बाधू शकतो.

हा दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे. पण त्याचा हिशेब पाहा. रसायन न वापरता त्याने ढेप पाडली, तर सौद्यात ती शेजारच्या ढेपेपुढे कमी उजळ दिसते. व्यापारी तिथे गंधक मोजत नाही, तोही पुढच्या दुकानदाराची आवड सांभाळतो. दुकानदार गिऱ्हाइकाची. साखळीतला प्रत्येक जण समोरच्याला हवं ते देतो आणि शेवटी ज्याच्या पोटात गूळ जातो त्यालाच नको ती वस्तू मिळते.

आता लंबक दुसरीकडे गेला आहे. रसायनाची चर्चा झाली आणि शहरी गिऱ्हाईक काळपट गूळ मागू लागलं. काळा म्हणजे सेंद्रिय, अशी समजूत पसरली. पण मळी नीट न काढलेला, करपलेला किंवा गंजक्या काहिलीतला गूळही काळाच असतो. उलट पक्व उसाचा, निगुतीने केलेला गूळ रसायनाशिवायही सोनेरी उतरतो. म्हणजे आवड बदलली तरी निवड रंगावरूनच होत राहिली, आणि काळा रंग आणणं तर पिवळ्याहून सोपं.

म्हणून उत्पादकापुढे ‘ग्राहक मागेल ते द्या’ आणि ‘ग्राहकाला शहाणं करा’ असे दोनच रस्ते आहेत, असं मानणं बरोबर नाही. पहिल्यात माल घसरतो आणि दुसऱ्यात धंदा. तिसरा रस्ता असा की गिऱ्हाइकाच्या हाती नक्कल करायला अवघड अशी खूण द्यायची. कोल्हापूर परिसरातल्या काही उत्पादकांनी हे केलं आहे. मोठ्या ढेपेऐवजी एक किलो, अर्धा किलोचे तुकडे, वड्या किंवा पावडर, वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि सोबत प्रयोगशाळेचा दाखला. सौद्यात ढेप निनावी असते, म्हणून रंगच तिची ओळख ठरतो. नाव लागलं की एकदा फसलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, आणि ही भीती कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त काम करते.

सोबत शास्त्राचीही मदत आहे. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात गुळाला योग्य अशा उसाच्या वाणांवर काम होतं. को ९२००५ हा वाण त्यासाठीच ओळखला जातो. चांगला वाण आणि स्टेनलेस स्टीलची काहील असली तर रंग आपसूक उजळ येतो. तेव्हा गिऱ्हाइकाची आवड मोडायची गरज नाही. ती भेंडीच्या वाटेने पुरवायची की हायड्रॉसच्या, एवढाच प्रश्न आहे. भेंडीची वाट महाग पडते, आणि तो जादा खर्च वेष्टनावरच्या नावातून वसूल होईल तेव्हाच गुऱ्हाळवाला ती धरेल. दुकानात ढेपेचा रंग पाहून झाला की ती कुणी केली हेही विचारायला हवं.

(पुढील लेखांकात : तूरडाळीची चकाकी आणि तिची किंमत)