मुलांचे बेसबॉल आणि मैदानाबाहेर राहिलेली मुले

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ विल्यम्सपोर्ट येथे टेकडीवर मुलांच्या बेसबॉलचे, म्हणजेच 'लिटल लीग'चे संग्रहालय आहे. १९८२ साली सुरू झालेले हे संग्रहालय नूतनीकरणानंतर २०१३ मध्ये पुन्हा खुले झाले. लिटल लीगचा सामना सहा डावांचा असतो. त्यामुळे दालनांची मांडणीही सहा डावांत केलेली आहे. खाली दिसते लामेड मैदान. दर ऑगस्टमध्ये येथे मुलांची जागतिक स्पर्धा भरते व ती पाहण्यास तिकीट लागत नाही.

या चळवळीचा प्रारंभ नदीपलीकडील विल्यम्सपोर्ट शहरात १९३९ मध्ये झाला. कार्ल स्टॉट्झ यांनी आपल्या भाच्यांसाठी मोठ्यांचे मैदान आटोपशीर केले. दोन बेसमधील अंतर ९० फुटांवरून ६० फुटांवर आले, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही थोडे कमी! केवळ तीन संघांनिशी सुरू झालेली ही स्पर्धा पुढे अनेक देशांत पोहोचली.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९५५ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथील कॅनन स्ट्रीट वायएमसीए या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाविरुद्ध खेळण्यास गोऱ्या संघांनी नकार दिला. साहजिकच संघाला पुढे चाल मिळाली. परंतु प्रत्यक्ष खेळून जिंकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असा नियम दाखवून त्याला अपात्र ठरवण्यात आले. बहिष्कार इतरांचा, शिक्षा मात्र या मुलांना! त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. थोडा वेळ सराव करून ती प्रेक्षकांत जाऊन बसली, तेव्हा 'त्यांना खेळू द्या' अशा घोषणा उठल्या. तरीही ती खेळली नाहीत. राज्य विजेतेपदाचा ध्वज त्यांना मिळाला तो २००२ मध्ये, वयाच्या साठीकडे झुकल्यावर.

मुलींनाही प्रदीर्घ काळ मज्जाव होता. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॅथरिन जॉन्स्टन मुलाच्या वेशात खेळली आणि त्यानंतर मुलींवर बंदी घालणारा नियमच करण्यात आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे हिला संघ सोडावा लागला. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये मुलींना प्रवेश मिळाला. तोपर्यंत मारियाचे खेळण्याचे वय उलटून गेले होते.